२०४८ : 'पुढचा विचार करून खेळा' म्हणजे नक्की काय करा?

आडवातिडवा

नमस्कार मंडळी,

२०४८ हा खेळ बहुतेकांनी कधी ना कधी खेळला असेल. ज्यांनी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार बाय चारची, १६ घरांची चौकट. चारपैकी एका दिशेला स्वाइप करायचं, सगळ्या टाइल्स त्या भिंतीला जाऊन टेकतात आणि वाटेत सारख्या दोन भेटल्या की त्यांची एक होते. दोन २ चा ४, दोन ४ चा ८, असं करत २०४८ गाठायचा. दर खेळीनंतर एका रिकाम्या घरात नवी टाइल पडते, बहुतेकदा २, क्वचित ४. सगळी घरं भरली आणि काहीच जुळत नसलं की खेळ खल्लास.

आता प्रश्न. जो तो सांगतो की पुढचा विचार करून खेळलं की जमतं. पण नवी टाइल कुठे पडणार हेच माहीत नसेल तर पुढचा विचार करायचा कशाच्या जोरावर? बुद्धिबळात निदान समोरचा काय करेल याचा अंदाज बांधता येतो. इथे समोर कोणी नाहीच! मी ५१२ पर्यंत आरामात जातो, कधीमधी १०२४. पुढे चौकट अशी तुंबते की काही सुचत नाही. माझ्या मते हा निम्म्याहून जास्त नशिबाचा खेळ आहे. पटत नसेल तर खोडून काढा.

वाचनमात्र

आला हा धागा. झालं आजचं काम.

कोपरखळी

सगळ्यात मोठी टाइल कोपऱ्यात ठेवायची. संपला विषय.

आडवातिडवा

@कोपरखळी, तेवढं येतं हो मला. कोपरा सांभाळूनच अडकतो ना.

बेरजेची_बाई

कोपरा ही सुरुवात झाली. खरी गंमत कोपऱ्याच्या शेजारी काय ठेवता त्यात आहे.

समजा मोठी टाइल खाली डावीकडे आहे. तर खालची ओळ डावीकडून उजवीकडे उतरती हवी: १२८, ६४, ३२, १६ अशी. त्यावरची ओळ उजवीकडून डावीकडे उतरती, म्हणजे १६ च्या डोक्यावर ८, त्याच्या डावीकडे ४, मग २. नागमोडी. आमच्याकडे मी मुलांना उतरंड म्हणूनच शिकवलं, मोठं मडकं तळाला आणि वर लहान लहान होत जाणारी. ८ आला की खालचा १६ फक्त एका ८ ची वाट बघत असतो. तो मिळाला की १६, मग ३२, मग ६४, आणि सगळी साखळी घरंगळत कोपऱ्यापर्यंत जाते. त्या वेळी जो आनंद होतो तो लिहून सांगता येत नाही.

बिघडतं कुठे? १६ च्या वर ६४ येऊन बसला की. आता तो १६ दबला. त्याला जोडीदार हवा तर शेजारून यायला हवा, तिथे आधीच मोठे बसलेत. एक दबलेली टाइल म्हणजे एक घर कायमचं गेलं असं समजायचं. अशी तीन घरं गेली की तुम्ही १३ घरांत खेळताय.

आणखी एक. जुळतंय म्हणून जुळवायचं नाही. दोन ६४ वरच्या ओळीत जुळून १२८ होत असतील आणि तो १२८ भलत्याच जागी अडकणार असेल, तर दोन ६४ तसेच परवडले. हे मुलांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि मोठ्यांना त्याहून जास्त.

गणोबा

बेरजेची_बाई, +१. 'दबलेली टाइल' हे फार नेमकं.

नियमातल्या एका बारकाव्याकडे बरेच जण लक्ष देत नाहीत, तो इथेच टाकतो. एका खेळीत एक टाइल एकदाच जुळते. ४ ४ ८ डावीकडे सरकवलं तर ८ ८ होतं, थेट १६ नाही. २ २ २ २ चे ४ ४ होतात, ८ नाही. आणि २ २ २ असे तीनच असतील तर ज्या भिंतीकडे सरकवताय तिथली जोडी आधी जुळते. डावीकडे केलं तर ४ २, उजवीकडे केलं तर २ ४. आता तुमची उतरंड डावीकडून उतरती असेल तर या दोन्हींत केवढा फरक पडला बघा! टाइल्स त्याच, एक बाजू उतरंडीत बसते आणि दुसरी २ ला कायमचा आत कोंडते. हा पुढचा विचार झालाच की, यात नशिबाचा काय संबंध?

रातकिडा

नशिबाचा संबंध असा की नेमका हवा तिथे २ पडत नाही आणि नको तिथे ४ पडतो. दर दहात एक टाइल ४ ची येते असा मूळ खेळातला हिशोब आहे, ९० टक्के २ आणि १० टक्के ४. तो एक ४ माझ्या बाबतीत कायम दोन २ च्या मधोमध येऊन बसतो. माझा धागाकर्त्याला पाठिंबा.

फुकटचा_सल्लागार

रातकिडा, तुमची पत्रिका दाखवून घ्या. चौथ्या घरात ४ असणार. (हलके घ्या)

शून्यकाळ

थोडा इतिहास. अवांतर वाटलं तर पुढे जा.

हा खेळ गॅब्रिएले चिरुल्ली या इटालियन तरुणाने मार्च २०१४ मध्ये लिहिला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि एका वीकेंडमध्ये त्याने हे संपवलं. कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला, त्यामुळे महिन्याभरात नकलांचा पाऊस पडला. कोणी आकड्यांऐवजी चित्रं टाकली, कोणी फिबोनाचीचे आकडे, कोणी पाच बाय पाचची चौकट. एका पठ्ठ्याने तर नवी टाइल मुद्दाम सगळ्यात वाईट जागी पडेल अशी आवृत्ती केली. धागाकर्ते 'समोर कोणी नाही' म्हणतात ना, तिथे समोर तो आहे.

पण २०४८ स्वतःच '१०२४' नावाच्या खेळावरून घेतलेला, आणि त्या दोघांच्याही आधी फेब्रुवारी २०१४ मध्ये 'थ्रीज' आला होता. तो करायला त्याच्या निर्मात्यांना वर्षाहून जास्त काळ लागला होता. त्यात १ आणि २ जुळून ३ होतो, पुढे दोन ३ चे ६, दोन ६ चे १२. टाइल्स भिंतीपर्यंत घसरत नाहीत, एका खेळीत एकच घर सरकतात. आणि पुढची टाइल कोणती येणार हे आधी दिसतं.

नकला पाहून निर्मात्यांनी एक लांबलचक लेखच लिहिला. त्यांचं म्हणणं असं की वर, उजवीकडे, डावीकडे असं नुसतं आलटून पालटून दाबत राहणाऱ्या प्रोग्रॅमने जर २०४८ जिंकता येत असेल तर त्या खेळात काहीतरी मोडलेलं आहे. म्हणजे बघा, इथे धागाकर्ते म्हणतात की खेळ नशिबाचा म्हणून अवघड, आणि थ्रीजवाले म्हणायचे की डोकं न वापरता येतो म्हणून सोपा!

कोपरखळी

थ्रीजवाल्यांचा राग मी समजू शकतो. वर्षभर घासायचं आणि वीकेंडवाला पोरगा नाव घेऊन जाणार. पण खेळ म्हणून मला २०४८ च आवडतो. थ्रीजमध्ये एका वेळी एक घर सरकवताना डोकं भणभणतं. इथे सगळं सर्रकन भिंतीला जातं, तो सर्रकन भाग महत्त्वाचा आहे.

मधलीसुट्टी

मला थ्रीज जास्त प्रामाणिक वाटतो. पुढची टाइल दिसते, मग हरलात तर दोष कोणाला देणार?

रातकिडा

पत्रिकेला.

मधलीसुट्टी

😀

गणोबा

शून्यकाळ, उत्तम माहिती. आता मूळ प्रश्नाला आकड्यांनी हात घालतो.

नवी टाइल सरासरी २.२ ची (दहापैकी नऊ वेळा २, एकदा ४). जुळवण्याने चौकटीवरची एकूण बेरीज बदलत नाही, फक्त नव्या टाइलने वाढते. म्हणजे २०४८ ला पोचायला साधारण ९३० च्या वर खेळ्या लागतातच. कोणी कितीही हुशार असो, यात फारशी काटकसर होत नाही. आणि १०२४ झाला म्हणजे निम्मा रस्ता झाला. 'आता एकच पायरी राहिली' असं वाटतं, पण त्या एका पायरीला आतापर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांएवढ्याच खेळ्या आहेत. धागाकर्त्यांचा डाव तिथे तुंबतो तो म्हणूनच.

दुसरी गोष्ट याहून मजेची. चौकटीवरची बेरीज २०४६ असेल तर कमीत कमी किती टाइल्स लागतील? १०२४, ५१२, २५६, १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २. दहा. यापेक्षा कमीत ती बेरीज बसतच नाही. तुम्ही एकही चूक न करता खेळलात तरी २०४८ होण्याच्या तोंडावर १६ पैकी दहा घरं भरलेली असणार. उरली सहा. त्यातली तीन दबलेल्या टाइल्सनी खाल्लेली असतील तर श्वास घ्यायलाही जागा नाही.

याच हिशोबाने तीन बाय तीनच्या चौकटीत २०४८ होऊच शकत नाही. नऊ घरांत जास्तीत जास्त ४, ४, ८, १६ ... ५१२ एवढंच मावतं, ते सगळं जुळलं की १०२४. चार बाय चारमध्ये तीच मर्यादा १,३१,०७२. दोन बाय दोनमध्ये ३२. करून बघा, दोन बाय दोन वेड लावतं.

वाचनमात्र

दंडवत. वाचनखूण साठवली.

पाटीपेन्सिल

गणोबा, मी वर्गात घातांक शिकवताना याचा उपयोग करते. २ चा अकरावा घात किती, हे पाठ करून घ्यायची वेळ येत नाही, पोरांना बोटांत येतं. गुणांचा हिशोबही छान आहे. सगळ्या टाइल्स २ च्याच आल्या असं धरलं तर २०४८ करताना गुण किती होतील? १०२४ च्या एका जोडीचे २०४८. त्याआधी ५१२ च्या दोन जोड्या, १०२४ दुणे परत २०४८. त्याआधी चार जोड्या, तेही २०४८. अशा दहा पायऱ्या, म्हणून २०,४८०. प्रत्यक्षात मधेमधे आयता ४ येतो, त्याचे गुण मिळत नाहीत, म्हणून थोडे कमी भरतात. पोरं आपापल्या फोनवरचा आकडा बघून 'बाई, तुमचे चुकले' म्हणतात आणि मग कारण शोधायला बसतात. तो तास भारी होतो.

फुकटचा_सल्लागार

आमच्या वेळी फोन जप्त व्हायचे, आता तासाला काढायला सांगतात. कलियुग.

सरळरेषा

सगळं ठीक, पण नशीब की नियोजन हे ठरवायचा एक सोपा मार्ग आहे. एकाच पद्धतीने खेळणारा, न थकणारा, न चिडणारा खेळाडू घ्या आणि त्याला पुष्कळ डाव खेळायला लावा. तसं झालेलं आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर २०१४ मध्येच यावर प्रश्न पडला होता, तिथे एकाने आपल्या प्रोग्रॅमचे १०० डावांचे निकाल दिले आहेत. २०४८ शंभरात शंभर वेळा. ४०९६ आणि ८१९२ सुद्धा शंभरात शंभर. १६,३८४ झाला ९४ वेळा, आणि ३२,७६८ झाला ३६ वेळा.

याचा अर्थ मी असा लावतो: नशीब आहे, पण ते ३२,७६८ च्या आसपास राहतं. आपल्यासारख्यांच्या १०२४-२०४८ च्या मजल्यावर ते येतही नाही.

रातकिडा

सरळरेषा, संगणक प्रत्येक खेळीला हजारो शक्यता मोजतो. मी चहा पिता पिता खेळतो. तुलना होते का?

सरळरेषा

मुद्दा तो नाही. टाइल्स त्यालाही तशाच आंधळ्या मिळतात. तुमच्या चौकटीत वाईट पडते आणि त्याच्या चौकटीत चांगली, असं तर नाही ना? आणि तो काय मोजतो तेही बघा. रिकामी घरं किती, ओळी उतरत्या आहेत का, शेजारी जुळण्यासारखे आहेत का, मोठे आकडे कडेला आहेत का. बेरजेच्या बाईंनी वर जे लिहिलं तेच. फरक एवढाच की तो कंटाळून 'बघू काय होतंय' म्हणत वर स्वाइप करत नाही.

कोपरखळी

हे लागलं. 'बघू काय होतंय' या खेळीनेच माझे सगळे डाव गेलेत.

मधलीसुट्टी

अनडूबद्दल कोणी बोललं नाही अजून. माझ्या फोनवरच्या आवृत्तीत मागे जाता येतं. ते वापरणं लबाडी आहे का?

रातकिडा

अर्थात.

बेरजेची_बाई

शिकताना नाही. एक खेळी मागे जाऊन दुसरी करून बघितल्याशिवाय कळणार कसं की चुकलं काय? मात्र 'हवी तिथे टाइल पडेपर्यंत मागे-पुढे' हे खेळणं नव्हे. तसं २०४८ केलं तर स्क्रीनशॉट टाकू नये, एवढंच म्हणेन.

फुकटचा_सल्लागार

स्क्रीनशॉट डिलीट करतो. 😐

आडवातिडवा

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. सरळरेषांचा मुद्दा बिनतोड आहे, नशिबाचा दावा तात्पुरता मागे. पण मूळ प्रश्न अजून उभाच आहे. उतरंड वगैरे सगळं कळलं, ऐन वेळी काय करायचं? ही माझी आत्ताची चौकट. टिंब म्हणजे रिकामं घर.

. . . .
२ . . .
८ ४ . .
५१२ ६४ १६ .

इतकी सुरेख रचना, भरपूर जागा. पण डावीकडे काही हलत नाही, खालीही काही हलत नाही, आणि काहीच हललं नाही तर नवी टाइलही पडत नाही. उरलं काय, वर किंवा उजवीकडे. दोन्हींत कोपरा सुटतो. मग यात पुढचा विचार काय करायचा?

कोपरखळी

वर करून लगेच खाली.

मधलीसुट्टी

मीही तेच केलं असतं.

गणोबा

थांबा थांबा. हे मोजण्यासारखं आहे.

चौकटीत सहा टाइल्स, म्हणजे दहा घरं रिकामी. उजवीकडे केलंत तर खालची ओळ होते: . ५१२ ६४ १६. नवी टाइल दहापैकी कुठल्याही घरात पडेल, त्यातलं कोपऱ्याचं घर एकच. म्हणजे नऊ वेळा तुम्ही डावीकडे परत येता आणि तळाची ओळ जशीच्या तशी. वरच्या ओळींत किरकोळ खोळंबा होईल, तो निस्तरता येतो.

वर केलंत तर तिन्ही भरलेले उभे रकाने वर जातात. पहिल्याखाली एक घर रिकामं, दुसऱ्याखाली दोन, तिसऱ्याखाली तीन. यांपैकी कुठेही टाइल पडली की खाली परत येताना ती तळाला बसणार आणि ५१२, ६४ किंवा १६ तिच्या डोक्यावर. १+२+३, दहापैकी सहा.

एकीकडे दहात एक, दुसरीकडे दहात सहा. दोन्ही 'कोपरा सोडणं'च आहे, पण जमीनअस्मानाचा फरक.

कोपरखळी

आयला. मी आजवर कायम वर-खाली करत आलोय.

रातकिडा

आणि ती दहातली एक वेळ आलीच तर? माझी येणार, हे धरून चाला.

बेरजेची_बाई

आली तरी डाव जात नाही. समजा कोपऱ्यात २ बसला, तळाची ओळ २ ५१२ ६४ १६ अशी भरली. डावीकडे गेलं की ८ येऊन नेमका त्या २ वर बसतो, हे वाईट. पण आता तळाची ओळ पूर्ण भरलेली आहे आणि तिच्यात शेजारी काहीच सारखं नाही, म्हणजे ती आडवी हलू शकत नाही. मग पुढच्या खेळ्यांना उजवीकडे बिनधास्त जा. ८ बाजूला होतो, त्या रकान्यात नव्या लहान टाइल्सना वाट मिळते. २ चा ४, ४ चा ८ असं कोपऱ्यालाच खाऊ घालत राहायचं. वेळखाऊ आहे, ५१२ ला ५१२ भेटेपर्यंत धीर लागतो, पण खेळ जिवंत राहतो. माणसं हरतात ती घाबरून चारही दिशांना बोटं फिरवली की.

आणि धागाकर्ते, आता तुमचा प्रश्न. पुढचा विचार या चौकटीत करायचा नव्हताच, त्याच्या चार-पाच खेळ्या आधी करायचा होता. तळाची ओळ तीनच घरांची होती आणि तुम्ही वरच्या ओळी रचत बसलात. चौथ्या घरात कसलीही लहान टाइल, अगदी २ सुद्धा, आधीच नेऊन बसवली असती तर ओळ भरली असती आणि उजवीकडची खेळी फुकटात मिळाली असती. टाइल कुठे पडणार हे कोणालाच कळत नाही. पण ती कुठेही पडली तरी आपल्याकडे एक निरुपद्रवी खेळी शिल्लक आहे का, एवढं मात्र दर वेळी बघता येतं. मी तेवढंच बघते.

सरळरेषा

यावर सही. दोन दिशा कामाच्या, तिसरी राखीव, चौथी नाहीच असं समजायचं. आणि ती तिसरी राखीव राहावी यासाठी तळाची ओळ आधी भरायची.

पाटीपेन्सिल

भरलेल्या ओळीत दोन शेजारी सारखे झाले की मात्र सावध! १६ १६ शेजारी आले की ओळ पुन्हा सुटते. डावीकडे जुळवलं की उजवं घर रिकामं होतं, ते पुढच्याच खेळीत वरून काहीतरी खाली आणून भरायचं. वरून यायला काही तयार नसेल तर एखादी खेळी थांबून मग जुळवा.

आडवातिडवा

उजवीकडे केलं. टाइल सगळ्यात वरच्या ओळीत पडली, डावीकडे परत आलो, ओळ शाबूत. चौथं घर आधी भरून घेतो, मग पुढे. २०४८ झाला तर इथेच सांगेन, अनडूशिवाय.

रातकिडा

मीही आत्ता तुमचीच पद्धत लावून बघितली. कोपऱ्यात ४ पडला.

फुकटचा_सल्लागार

पत्रिका, रातकिडा, पत्रिका.

मधलीसुट्टी

गणोबा, दोन बाय दोनमध्ये १६ झाला. ३२ खरंच होतो का, की लोकांना कामाला लावलंय?

गणोबा

होतो. १६, ८, ४ उतरत्या क्रमाने बसलेले असताना चौथ्या घरात, ४ च्या शेजारी, २ न पडता थेट ४ पडायला हवा. रातकिड्यांना बोलवा, त्यांच्याकडे ४ पडतो.